हिब्रू धर्मग्रंथांतील नांवांचा अंतरार्थ

परभाषेंतील धर्मग्रंथ वाचतांना वाचक विशेषनामांपाशीं सहसा थांबत नाहीं. अर्थ लावावयाचा तो वाक्यांचा. नांवें केवळ ओळखीपुरतीं, अशी समजूत असते. भाषांतरकारालाहि येथें फारसें कांहीं करतां येत नाहीं. तो क्रियापदाला प्रतिशब्द शोधतो, उपमेला शोधतो, पण नांव मात्र आहे तसें उचलून ठेवतो. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतहि अब्राहाम हा अब्राहामच राहिला आणि याकोब हा याकोबच. दुसरें कांहीं होणें शक्यच नव्हतें. परंतु त्यामुळें एक मोठी गोष्ट मराठी वाचकाच्या हातून निसटते. हिब्रू ग्रंथकाराच्या दृष्टीनें नांव ही दारावरची पाटी नव्हे. तो कथेचाच एक भाग असतो, आणि पुष्कळदां नांवाचा अर्थ ठाऊक नसला तर प्रसंगाचें मर्म डोळ्यांसमोर असूनहि दिसत नाहीं.

या नांवांचा पहिला विशेष असा कीं, त्यांतील पुष्कळशीं नांवें म्हणजे छोटीं छोटीं वाक्यें आहेत. आपल्याकडील ‘देवदत्त’ हा समास झाला; पण त्याच अर्थाचें हिब्रू ‘नथनेल’ हें संपूर्ण विधान आहे : देवानें दिलें. दानीएल म्हणजे देव माझा न्यायाधीश, यहेज्केल म्हणजे देव बळ देतो. या नांवांच्या शेवटीं येणारा ‘एल’ हा देववाचक सामान्य शब्द होय. दुसऱ्या कांहीं नांवांत ‘या’ किंवा ‘याहू’ हें पद येतें. जखऱ्या म्हणजे ‘या’नें आठवण ठेवली. हें पद ईश्वराच्या त्या चार अक्षरी नामाचें संक्षिप्त रूप आहे, कीं जें नाम धर्मनिष्ठ यहुदी मनुष्य मुखानें कधींहि उच्चारीत नाहीं. वाचतांना तें आलें तर तो त्याच्या जागीं ‘माझा प्रभु’ या अर्थाचा शब्द म्हणतो; एरव्हीं बोलतांना नुसतें ‘तें नाम’ असें म्हणून वेळ निभावतो. म्हणजे जें नाम प्रार्थनेंतहि ओठांवर यावयाचें नाहीं, त्याचा अंश घरांतल्या लेकरांच्या नांवांत गुंफलेला असे, आणि आई मुलाला जेवावयाला हांक मारी तेव्हां नकळत एक श्रद्धावचन उच्चारीत असे.

हें लक्षांत घेतलें म्हणजे संदेष्टा एलीया याची कथा निराळी भासूं लागते. राजा अहाबाच्या काळीं प्रजा बआल देवतेच्या भजनीं लागली होती. कर्मेल पर्वतावर कसोटी ठरली. बआलाच्या पुजाऱ्यांची वेदी थंडच राहिली आणि एलीयाच्या वेदीवर अग्नि उतरला. तेव्हां सारे लोक पालथे पडून, हाच देव, हाच देव, असा घोष करूं लागले आणि त्या घोषांत त्यांनीं तें चार अक्षरी नाम घेतलें. आतां एलीया या नांवाचा अर्थ पाहावा : माझा देव तोच ‘याहू’. मराठींत वाचणाऱ्याला ही लोकांची केवळ आरोळी वाटते. हिब्रू कानाला ऐकूं येतें तें असें कीं, इतका वेळ जें वाक्य एकटा मनुष्य आपल्या नांवांत वागवीत होता, तेंच आतां सर्वांच्या तोंडीं आलें.

नांवांत असें श्रद्धावचन असतें हें जेत्यांनाहि कळत असावें. बाबिलोनच्या दरबारांत नेलेल्या चार यहुदी तरुणांचीं नांवें दानीएल, हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या अशीं होतीं. दोहोंत ‘एल’ आहे, दोहोंत ‘या’ आहे. दरबारच्या अधिकाऱ्यानें पहिलें काम केलें तें हीं चारहि नांवें बदलण्याचें. बेल्टशस्सर, शद्रख, मेशख, अबेद्नगो या नव्या नांवांत पूर्वींच्या देवाचा मागमूस उरला नाहीं. अबेद्नगो या नांवाचा अर्थ तर नबो या बाबिली देवाचा दास असा असावा, असें बहुतेक पंडित मानतात. परदेशी भाषा, परदेशी विद्या हें सारें त्या तरुणांनीं स्वीकारलें. राजाच्या पंक्तीचें अन्न मात्र त्यांनीं नाकारलें, आणि ग्रंथाला नांव राहिलें तें दानीएलाचेंच.

येथें एक शंका सहज येते. ग्रंथ जो अर्थ सांगतो तोच त्या नांवाचा व्याकरणशुद्ध अर्थ असतो काय? पुष्कळदां नसतो. मोशे हें नांव फारोच्या कन्येनें ठेवलें, कारण तिनें त्या मुलाला पाण्यांतून ओढून काढलें, असें ग्रंथ सांगतो आणि तसा धातु हिब्रूंत आहे. परंतु इजिप्तच्या राजकन्येला हिब्रू व्युत्पत्ति कशी सुचली? आधुनिक विद्वान् म्हणतात कीं, हा मूळचा इजिप्ती शब्द असून त्याचा अर्थ ‘जन्मलेला’ एवढाच आहे. थुतमोस या राजनामाच्या शेवटीं तोच आढळतो. शिवाय हिब्रू व्याकरणाप्रमाणें मोशे या रूपाचा अर्थ ‘ओढून काढलेला’ असा न होतां ‘ओढून काढणारा’ असा होतो. पण पुढें समुद्राच्या पाण्यांतून आपल्या लोकांना बाहेर काढणारा तोच नव्हे काय? राजकन्या एका अर्थानें बोलली आणि शब्द दुसरा अर्थ पोटांत ठेवून बसला. निरुक्तकार यास्काची पद्धति ज्यांना परिचित आहे, त्यांना यांत नवल वाटूं नये. छांदोग्य उपनिषदांत ‘हृदय’ शब्दाची फोड करून त्यांतून हृदयांत राहणारा आत्मा काढला आहे. तेथें कोणी व्याकरणाचा दाखला मागत नाहीं. भाषाशास्त्राचा अर्थ शब्दाचा जन्म सांगतो, ग्रंथाचा अर्थ त्या शब्दाचें आयुष्य सांगतो. दोन्ही आपापल्या जागीं खरे.

मात्र या सवलतीचा गैरफायदा घेणारेहि थोडे नाहींत. आदामापासून नोहापर्यंतच्या दहा पिढ्यांचीं नांवें ओळीनें मांडून त्यांतून एखादें गुप्त भविष्य वाचून दाखविण्याची हौस कांहींना असते. नांवांचे सोईस्कर अर्थ निवडले तर कोणत्याहि वंशावळींतून कोणतेंहि वाक्य निघूं शकेल. ग्रंथ स्वतः जेथें नांवावर बोट ठेवतो तेथेंच थांबणें शहाणपणाचें. आणि तीं स्थळें कांहीं थोडीं नाहींत. आदामाला मृत्यूची शिक्षा सुनावली जाते. तो मातीचा आहे व मातीलाच मिळणार, हें त्याला कळतें. त्याच्या नांवांतहि ‘अदामा’ म्हणजे मातीच आहे. शिक्षा ऐकल्यावर तो पहिली गोष्ट करतो ती ही कीं, पत्नीचें नांव हव्वा असें ठेवतो. हव्वा म्हणजे जीवन.

अब्राहामाची दासी हागार हिची कथाहि अशीच आहे. मालकिणीच्या जाचानें ती गर्भवती स्त्री रानांत पळाली, तेव्हां झऱ्याजवळ देवदूतानें तिला सांगितलें कीं, होणाऱ्या मुलाचें नांव इश्माएल ठेव. याचा अर्थ, देव ऐकतो. उलट तिनेंहि देवाला एक नांव दिलें : मला पाहणारा. कुलपति आणि संदेष्टे यांनींहि जें धाडस केलें नाहीं तें एका परदेशी दासीनें केलें. पुढें तिला मुलासह घालवून देण्यांत आलें. पखालींतलें पाणी संपलें, मूल झुडपाखालीं टाकून ती दूर जाऊन बसली. या साऱ्या हकीकतींत इश्माएल हें नांव ग्रंथकार एकदांहि घेत नाहीं. ‘मुलगा’, ‘लेकरूं’ एवढेंच म्हणतो. पण ऐन वेळीं देवानें मुलाचा आवाज ऐकला असें वाक्य येतें, आणि त्या वाक्यांतील क्रियापद व कर्ता मिळून तेंच न घेतलेलें नांव तयार होतें.

सर्वांत खोल अर्थ आहे तो याकोबाच्या नांवांत. हा जुळ्यांतला धाकटा. मोठ्या भावाची टांच धरून जन्मला म्हणून टांचेवरून त्याचें नांव पडलें. पुराणवस्तु पाहतां हें नांव ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाच्या जुन्या नांवाचा अवशेष दिसतो. इजिप्तच्या तिसऱ्या थुतमोसानें कर्नाक येथें कोरविलेल्या यादींत ‘याकोब-एल’ असें कनान देशांतील एका स्थळाचें नांव आहे. पण कथेला टांचच हवी आहे, कारण त्याच शब्दांतून फसविणें, पाय ओढणें असा अर्थ निघतो. अंध झालेल्या बापानें जवळ आलेल्या मुलाला तूं कोण असें विचारलें, तेव्हां याकोबानें आपण एसाव आहों असें सांगितलें आणि भावाचा आशीर्वाद पदरांत पाडून घेतला. एसाव रडला व म्हणाला कीं, याचें नांव अगदीं योग्य ठेवलें आहे.

वीस वर्षें मामाकडे काढून याकोब परत निघाला. पुढें चारशें माणसें घेऊन एसाव येत होता. बायकामुलें यब्बोक नदीपार पाठवून तो रात्रीं एकटा राहिला आणि कोणी एक पुरुष त्याच्याशीं पहाटेपर्यंत झोंबी खेळला. याकोब, यब्बोक आणि झोंबी या तिन्हींचे हिब्रू शब्द कानाला जवळजवळ एकच लागतात. जणूं नदी, मनुष्य आणि झुंज एकांत एक मिसळून गेलीं आहेत. मांडी निखळली तरी याकोब सोडीना. आशीर्वाद दिल्यावांचून जाऊं देणार नाहीं म्हणाला. तेव्हां त्या पुरुषानें त्याला नांव विचारलें. आशीर्वाद मागतांना हाच प्रश्न पूर्वीं एकदां त्याला झाला होता, आणि तेव्हां त्यानें दुसऱ्याचें नांव सांगितलें होतें. या खेपेस तो याकोब म्हणाला. विचारणाऱ्याला तें ठाऊक नव्हतें असें नव्हे. पण स्वतःचें नांव स्वतःच्या तोंडानें सांगणें म्हणजेच येथें अपराधाची कबुली देणें होतें, आणि ती दिल्यावरच नवें नांव मिळालें : इस्राएल. व्याकरण या नांवाचा अर्थ देव झगडतो असा करतें. कथा म्हणते, मनुष्य देवाशीं झगडला. झुंज दोघांची असल्यामुळें दोन्ही अर्थ एकदम खरे ठरतात. याकोबानें उलट त्याचें नांव विचारलें, तें मात्र त्याला सांगितलें गेलें नाहीं. आणखी एक बारकावा असा : अब्रामाचा अब्राहाम झाल्यावर जुनें नांव त्याला पुन्हा लागलें नाहीं, याकोबाला मात्र पुढेंहि कधीं याकोब, कधीं इस्राएल म्हटलें जातें. त्याचें लंगडणें राहिलें तसें जुनें नांवहि राहिलें.

दुःखानें नांव टाकूं पाहणारी स्त्री म्हणजे रूथची सासू नामी. बेथलेहेम म्हणजे भाकरीचें घर. त्याच गांवीं दुष्काळ पडला म्हणून ती मवाब देशीं गेली आणि नवरा व दोन मुलगे गमावून परतली. नामी म्हणजे मधुर, रम्य. गांवच्या बायकांना तिनें विनविलें कीं, मला आतां मारा म्हणा, म्हणजे कडू. पण ग्रंथकार तिचें ऐकत नाहीं. त्या एका क्षणानंतर मारा हें नांव तो पुन्हा लिहीत नाहीं. शेवटीं नातू मांडीवर येईपर्यंत ती नामीच राहते.

याच्या उलट, संदेष्टा होशेय याला स्वतःच्या लेकरांना भयंकर नांवें ठेवावीं लागलीं. मुलगी लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया नाहीं ती. मुलगा लो-अम्मी, म्हणजे माझी प्रजा नव्हे. इसवी सनापूर्वीं आठव्या शतकांत, स्वैर झालेल्या राष्ट्राला ऐकविण्यासाठीं हीं नांवें त्या बालकांनीं गल्लींतून वागविलीं. त्यांचें बालपण कसें गेलें असेल याविषयीं ग्रंथ मौन धरतो, आणि तें मौन बोंचतें. परंतु पुढें क्षमेची वेळ येते तेव्हां नवीं नांवें शोधावीं लागत नाहींत. ‘लो’ हा नकार गळून पडतो, बस्स. रुहामा, अम्मी. या रुहामाच्या मुळाशीं असलेल्या ‘रेहेम’ या शब्दाचा अर्थ गर्भाशय असा आहे, आणि दयेला हिब्रूंत ‘रहामीम’ म्हणतात. अरबींतील रहीम, रहमान आणि त्या वाटेनें मराठींत आलेला रहम हे शब्द त्याच कुळांतले.

हा शब्द मुंबईकरांना वाटतो तितका परका नाहीं. कोंकणांत पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालविणाऱ्या व शनिवारीं काम बंद ठेवणाऱ्या यहुदी लोकांना शेजारी शनवार तेली म्हणत. ते स्वतःला बेने-इस्राएल म्हणवीत. त्यांच्यांतील शमुवेल यहेज्केल दिवेकर, कोंकणी वळणानें सामाजी हसाजी, हे कंपनीच्या फौजेंत अधिकारी होते. टिपूच्या कैदेंतून सुटल्याबद्दल त्यांनीं मुंबईंतील पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर बांधलें, असें परंपरा सांगते; तें वर्ष १७९६. त्या मंदिराचें नांव ‘शाआर हा-रहामीम’, म्हणजे दयेचें द्वार. सामाजी आणि हसाजी या घरगुती रूपांत ‘एल’ झडला आणि त्याच्या जागीं ‘जी’ आला. पण प्रार्थनामंदिरांत धर्मग्रंथ वाचण्यासाठीं पुकारा होतो तो अमक्याचा पुत्र अमका अशा हिब्रू नांवानेंच, आणि तेथें ‘एल’ आपल्या जागेवर असतो.

बेने-इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं मुलें. १९४८ नंतर या समाजांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं आणि तेथेंहि त्यांची ओळख याच नांवानें राहिली. हा शब्दप्रयोग धर्मग्रंथांत प्रथम येतो तो यब्बोकच्या त्या रात्रीच्या हकीकतीच्या अगदीं शेवटीं. सूर्य उगवला होता आणि याकोब लंगडत नदीपार होत होता. म्हणून इस्राएलाचीं मुलें जनावराच्या मांडीच्या सांध्यावरचा स्नायु खात नाहींत, असें तेथें लिहिलें आहे. धर्मनिष्ठ यहुदी घरीं जें मांस शिजतें, त्यांतून तो स्नायु आजहि काढून टाकलेला असतो.