फोटो झकास, पण पिल्लू हलतंय कुठं?

निकॉनच्या ‘स्मॉल वर्ल्ड’ स्पर्धेतले फोटो यंदाही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. काळ्याभोर पार्श्वभूमीवर झगमगणारी समुद्री पिल्लं बघून ‘अहाहा’ म्हणून झालं असेल, तर एक विचारतो: त्यात पिल्लू काय करत होतं?

बहुतेकदा काहीच नाही. हे डिंभ मिलिमीटरभराचे, आरपार दिसणारे. तिरका प्रकाश टाकला की उजळतात. सूक्ष्मदर्शकात एका वेळी एकच पातळ थर स्पष्ट दिसतो, म्हणून निरनिराळ्या खोलीवर फोटो काढून संगणकावर एकत्र करतात. तेवढा वेळ जीव स्वस्थ हवा, म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडची गुंगी देण्याची पद्धत आहे. स्पर्धेत २०११पासून व्हिडिओंनाही बक्षिसं आहेत, पण भाव खातो तो फोटोच.

म्हणूनच स्टॅनफर्डचे मनू प्रकाश मला जास्त भावतात. त्यांनी, विल्यम गिल्पिन आणि विवेक प्रकाश यांनी तारामाशाच्या जिवंत डिंभाभोवतीच्या पाण्यात सूक्ष्म मणी मिसळले आणि मण्यांच्या वाटा टिपल्या. अंगाभोवती भोवऱ्यांची नक्षी उमटली. भोवरे जास्त असले की अन्न जवळ ओढलं जातं, पण वेग मंदावतो. कमी असले की पोहणं जलद, खाणं कमी. पोट की प्रवास, हा पेच त्या केसाळ जिवाला सतत सोडवावा लागतो. २०१७च्या ‘नेचर फिजिक्स’मधलं हे संशोधन दिसायलाही कुठल्याही बक्षीसपात्र फोटोइतकंच देखणं आहे.

२०१४मध्ये जगापुढे आलेला ‘फोल्डस्कोप’ हा कागदी सूक्ष्मदर्शकही याच मनू प्रकाश यांचा. सुट्या भागांचा खर्च डॉलरहून कमी, आकार १४० पट मोठा दिसतो, वर मोबाइल लावता येतो.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, ही सबब त्यामुळे चालणार नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी आर्टेमियाची अंडी खारट पाण्यात, हवेचा पंप लावून ठेवा. उबदार खोलीत साधारण दिवसभरात पिल्लं बाहेर येतात. एक डोळा, उपांगांच्या तीन जोड्या: हा ‘नॉप्लियस’. खडकाला चिकटलेल्या बार्नॅकलचं बालपणही असंच असतं. शिंपल्यांच्या कुळात टाकलेला तो प्राणी खेकड्या-कोळंबीचा नातेवाईक आहे, हे १८३०मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरनं त्याची पिल्लं पाहूनच दाखवलं. नारूमुळे बदनाम झालेल्या, गोड्या पाण्यातल्या सायक्लॉप्सचं पिल्लूही नॉप्लियसच.

तेव्हा फोटो जरूर काढा. पण सोबत मोजपट्टी, तारीख आणि पाणी कुठलं ते नोंदवा. आणि शक्यतो व्हिडिओच घ्या. थॉम्पसनला उत्तर मिळालं ते पिल्लू वाढताना पाहिल्यामुळे. गुंगी दिलेल्या पिल्लानं त्याला काहीच सांगितलं नसतं.