व्यसन म्हणावे कशाला?

मूल तासन्‌तास मोबाइलवर असले की आपण त्याला 'व्यसनी' म्हणून मोकळे होतो. पण नुसते तास मोजून व्यसन ठरत नाही. मी राहतो त्या रामनगरात रामलीला सुमारे महिनाभर चालते. तिचे नेमी प्रेक्षक रोजची संध्याकाळ तिला वाहतात. त्यांना कुणी रुग्ण म्हणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या 'आयसीडी-११' या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' ही स्वतंत्र नोंद आहे. लक्षणे तीन : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर साऱ्यांहून खेळाला प्राधान्य मिळणे आणि नुकसान होत असूनही तो न थांबणे. त्यामुळे शिक्षण, नोकरी वा कुटुंबजीवन गंभीरपणे विस्कटलेले असावे आणि हे साधारणतः १२ महिने दिसावे. ऋग्वेदाच्या अक्षसूक्तातला जुगारी घर मोडलेले पाहूनही फाशांकडेच ओढला जातो. तिसरे लक्षण तेव्हाही ओळखीचे होते. रील पाहण्याच्या सवयीला मात्र आयसीडीत स्वतंत्र नाव नाही.

हा शब्दच्छल नव्हे. आपला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आजार ठरवताना आयसीडीसारखे मान्य निकष पाहण्यास सांगतो आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान देतो. नोंदीतून हक्क मिळतो. चुकीच्या शिक्क्यातून निरोगी मूल रुग्ण ठरते.

म्हणून पालकांनी घड्याळापेक्षा झोप, शाळा आणि मित्र यांकडे पाहावे. तिन्ही सुटू लागले असतील, तर शिक्षा करण्याआधी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. निदानाचे काम डॉक्टरांचे आहे, शेजाऱ्यांचे नव्हे.