पुस्तकांची पेटी, पाळीपाळीने वस्तीवर



लागण, खोडवा, बेणे सोडून ऊस विकास खाते पुस्तकांवर काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. पण लागणीच्या नोंदी घेत आम्ही मळ्यामळ्यातून हिंडतो, तेव्हा एक गोष्ट दिसते. वाचनालय गावठाणात आणि माणसे राहतात वस्तीवर. सणसर भागात बरीचशी कुटुंबे अशीच मळ्यात आहेत. गडीमाणूस एकवेळ बाजाराला जाता-येता पुस्तक बदलील; पण घरची सासू-सून, शाळेतून येऊन शेरडे पाहणारी पोरगी, यांनी दोन-तीन किलोमीटर तंगडतोड करायची कधी? तेव्हा पुस्तकानेच वस्तीवर आले पाहिजे.

फिरते वाचनालय म्हटले की लोक आधी गाडीचा विषय काढतात. मग डिझेल, ड्रायव्हर, आणि तिथेच गाडे अडते. गाडी मुळात लागतच नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९११ च्या सुमारास फिरती ग्रंथालये सुरू केली ती लाकडी पेट्यांवर. मद्रास इलाख्यात मन्नारगुडीला १९३१ साली पुस्तके बैलगाडीतून खेडोपाडी निघाली. आपल्याकडे नाशिकला विनायक रानडे यांनी २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानमार्फत ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात १०० पुस्तकांची एक पेटी, तिचा खर्च देणगीदाराचा, सांभाळ वाचकांच्या गटाचा, आणि काही महिन्यांनी दोन गटांत पेटीची अदलाबदल. ही पेटी परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचली. मग आपल्या मळ्यात यायला तिला काय अडचण आहे?

आपल्याला शेजपाळी ठाऊक आहे, तोच हिशेब इथे लावावा. समजा दहा वस्त्यांनी ५० पुस्तकांची एकेक पेटी केली. सरासरी २०० रुपयांचे पुस्तक धरले तर पेटी १०,००० रुपयांची; २० घरांत घरटी ५०० रुपये, तेही एकदाच. (बिलातून कपात म्हटले की सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतात, तेव्हा वर्गणी रोखच घ्यावी.) दर दोन महिन्यांनी पेटी पुढच्या वस्तीवर सरकवायची. म्हणजे वीस महिन्यांत प्रत्येक वस्तीला ५०० पुस्तके वाचायला मिळाली, नवीन एकही न घेता. पेटी हलवायला मोटारसायकल पुरते.

खरी अडचण वेगळीच आहे. एका गावी मोठ्या थाटात पेटी आली, हार घातला, फोटो निघाले. सहा महिन्यांनी आम्ही विचारले तर पेटी कुलपात आणि किल्ली पुढाऱ्याच्या खिशात! म्हणून पेटी मोठ्या बंगल्यात ठेवू नये. जिथे बायामाणसे निःसंकोच येतात-जातात अशा ओट्यावर ठेवावी. वार आणि वेळ ठरवावी, आणि ती मोडू नये. दोन वेळा पेटी उघडली नाही की तिसऱ्या वेळी कोणी येत नाही. वहीची जबाबदारी दहावी-बारावीच्या मुलीकडे द्यावी. आमच्या अनुभवात मुली नोंद चोख ठेवतात.

पुस्तके घेताना जाड टायपाची, गोष्टींची, लहान मुलांची जास्त घ्यावीत. ठिबक-खतावरची चार असावीत, पण पेटी म्हणजे कृषी प्रदर्शन करू नये. पुस्तक हाताळून फाटले तर डिंक लावून परत ठेवावे, दंड नको. हंगामात एखादी पेटी तोडणी कामगारांच्या कोप्यांवरही न्यावी. त्यांची पोरे दिवसभर वाढ्याच्या मोळ्यांपाशी बसलेली असतात.

ज्या वस्तीला पेटी करायची असेल त्यांनी ती कोणाच्या ओट्यावर उघडणार आणि वही कोण लिहिणार, ही दोन नावे ठरवून आमच्या गट ऑफिसात बोलणे करावे.