विकसनशील देशांतील जठरव्रण व ग्रहणीव्रण

जठराच्या अस्तरास पडणाऱ्या खोल जखमेस जठरव्रण, तर लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातील जखमेस ग्रहणीव्रण म्हणतात. बोलीभाषेत दोहोंनाही ‘अल्सर’ हाच शब्द रूढ आहे. विकसनशील देशांत या विकाराचे नेमके प्रमाण सांगणे कठीण जाते. दुर्बिणीने तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही आणि खेड्यापाड्यांत पोटातील जळजळ ‘पित्त’ समजून अंगावर काढली जाते.

भारतात दुर्बिणीच्या आधारे झालेली लोकसर्वेक्षणे मोजकीच आहेत. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या, काश्मीरमधील शहरी लोकसंख्येच्या पाहणीत सर्वेक्षणाच्या वेळी ४.७२ टक्के लोकांना व्रण आढळला. आयुष्यात केव्हातरी तो झालेल्यांचे प्रमाण ११.२२ टक्के होते. जठरव्रणाच्या तुलनेत ग्रहणीव्रण सुमारे १७ पट अधिक होते.

त्यापूर्वी, १९६४ साली, रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या अभ्यासावरून दक्षिण भारतात हा विकार उत्तरेपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे दाखवले. तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत तो जास्त, तर जाडीभरडी पोळी चावून खाणाऱ्यांत कमी, असे त्यांचे प्रतिपादन होते. खानदेशासारख्या ज्वारीच्या भाकरीच्या मुलखाला हा विचार आवडण्याजोगा असला, तरी केवळ आहाराने विकाराचा उलगडा होत नाही. शेवभाजी आणि ठेच्यातील तिखटाने जळजळ वाढू शकते. व्रण मात्र तिखटाने होतो असे सिद्ध झालेले नाही.

खरे कारण १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना सापडले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठरात वस्ती करतो, हा तो शोध. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दाटीची घरे व अशुद्ध पाणी असलेल्या भागांत ही लागण बहुधा बालपणीच होते. मात्र लागण झालेल्या बहुतेकांना व्रण होत नाही.

दुसरे महत्त्वाचे कारण वेदनाशामक गोळ्या हे होय. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठराचे संरक्षक अस्तर दुबळे होते. डांबरासारखी काळी शौचास होणे हे रक्तस्रावाचे लक्षण असून अशा वेळी रुग्णालय तातडीने गाठावे लागते.

जिवाणूजन्य व्रण आम्लरोधक औषध व प्रतिजैविकांच्या साधारण १४ दिवसांच्या उपचाराने बरा होतो. भारतात मेट्रोनिडॅझोल हे औषध जुलाबावर सर्रास वापरले गेल्याने या जिवाणूवर त्याचा प्रभाव बराच ओसरला आहे.