सहा वर्षांची पाहुणी

‘एक दिवस पाहुणा, दुसरे दिवशी पई, तिसरे दिवशी राही त्याची अक्कल जाई’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. आमच्या खडकवासल्याला माझी आजी ही म्हण हसत हसत सांगते. पण तिच्यातला अर्थ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसऱ्याच्या घरी फार दिवस राहणाऱ्याची केवळ किंमतच कमी होते असे नव्हे, तर त्याची अक्कल, म्हणजे स्वतःचा विचार करण्याची शक्तीही हळूहळू जाते, असे ही म्हण सांगते. आपल्याच महाविद्यालयात कितीतरी मुली शिक्षणासाठी मावशीकडे, आत्याकडे राहतात. मिळालेल्या आसऱ्याबद्दल त्यांच्या मनात कृतज्ञता असतेच. पण कोणता विषय घ्यायचा, संध्याकाळी किती वाजता परतायचे, लग्नाचे काय, या प्रश्नांवर आपले मत मांडताना त्यांची जीभ अडखळते. ज्याचे मीठ खावे त्याच्यापुढे ‘नाही’ कसे म्हणावे?

या प्रश्नाचे एक उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या परदेशप्रवासात सापडले. १८८३ च्या एप्रिलपासून १८८९ च्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, रमाबाई परदेशात परक्यांच्या आणि स्नेह्यांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांचे धर्मांतर सर्वांना ठाऊक आहे. पण त्या पाहुणी म्हणून कशा राहिल्या, याचा विचार फारसा होत नाही. तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते रमाबाईंना शिकविले. हे कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी हिंडत असे. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी या बंगाली गृहस्थांशी जातीबाहेर विवाह केला. पण दोन वर्षांच्या आतच पती वारले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८२ साली त्या पुण्यास आल्या. आमचे खडकवासल्याचे धरण तेव्हा नुकतेच बांधून झाले होते. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि शिक्षणासंबंधीच्या हंटर कमिशनपुढे स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत अशी साक्षही दिली.

आपणच डॉक्टर व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी विलायतेला जायला हवे होते. इंग्लंडमधील वाँटेज या गावी सेंट मेरी मठ होता. तेथील सिस्टर्सचे पुण्यातही काम होते; त्यांची आणि रमाबाईंची ओळख झाली होती. वाँटेजला राहण्याची सोय होणार हे नक्की झाले. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रमाबाईंनी बोटीच्या भाड्याचे पैसे कोणाकडे मागितले नाहीत. ‘स्त्रीधर्मनीति’ हे आपले मराठी पुस्तक छापून त्याच्या विक्रीतून त्यांनी ते उभे केले. आणि राहण्याजेवणाच्या मोबदल्यात, हिंदुस्थानात येणार असलेल्या सिस्टर्सना मराठी शिकविण्याचे त्यांनी पत्करले. म्हणजे पाहुणी निघाली ती रिकाम्या हाताने नव्हे. २० एप्रिल १८८३ रोजी दोन वर्षांच्या मनोरमेला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन त्या मुंबईहून बोटीत बसल्या. समुद्र ओलांडणे हेच जेथे पाप मानले जाई, तेथे एका विधवेने लेकीसह तो ओलांडावा, याचे केवढे आश्चर्य लोकांना वाटले असेल!

इंग्लंडात त्यांच्यापुढे अडचणी उभ्या राहिल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचे शिक्षण घेता येईना. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी दुर्दैवी अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने टीका केली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली आपल्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली.

टीकेचा रोख असा होता, की आश्रय दिला त्यांनीच बाईला बाटविले. म्हणजे फिरून आपली म्हणच आली: तिसरे दिवशी अक्कल गेली! हा आरोप तपासून पाहण्यासारखा आहे. रमाबाई जर उपकाराच्या ओझ्याखाली वाकून ख्रिस्ती झाल्या असत्या, तर त्यानंतर त्या निमूटपणे मठाच्या आज्ञेत राहिल्या असत्या. घडले ते अगदी उलट. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. तेथून सिस्टर जेराल्डिन आणि कॉलेजच्या मुख्य डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो सारा वादाने भरलेला आहे. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याला बिशपांनी हरकत घेतली. तेव्हा माझ्याविषयी मला न विचारता ठरविणारे हे कोण, असा त्यांचा सवाल होता. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना, तो त्यांनी तसा लिहून कळविला. क्रुसावर लॅटिन अक्षरे असतात, ती आमच्या देशातल्या स्त्रियांना काय कळणार, त्या जागी संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले ते दुसऱ्याचे चढविण्यासाठी नव्हे, असा त्यांचा भाव होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. जेराल्डिन यांना हा हट्ट आणि गर्व वाटे. तरीही दोघींचा स्नेह तुटला नाही. रमाबाईंनी देव स्वीकारला, पण यजमानांची प्रत्येक गोष्ट स्वीकारली नाही.

याच सुमारास अमेरिकेतून बोलावणे आले. १८८३ च्या एप्रिल महिन्यातच आणखी एक मराठी स्त्री परदेशी निघाली होती. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांनी ७ एप्रिलला कलकत्ता सोडले. त्यांचे पती गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते. ते वाचून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी आपण होऊन पत्र लिहिले आणि पुढे आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. आनंदीबाई हिंदूच राहिल्या, रमाबाई ख्रिस्ती झाल्या. दोघींनाही आसरा ख्रिस्ती बायांनीच दिला. एकाच आसऱ्याखाली दोघींची दोन मते होऊ शकतात, याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंना निमंत्रण दिले. फेब्रुवारी १८८६ मध्ये लिव्हरपूलहून निघून, ऐन हिवाळ्यातला अटलांटिक ओलांडून, मार्चच्या आरंभी त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या. ११ मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. समारंभ आटोपला की परतायचे असा बेत होता; पण रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. मनोरमेला मात्र काही काळ पुन्हा वाँटेजला ठेवावे लागले. आईच्या जिवाला ते किती जड गेले असेल, हे सांगावयास नको.

या मुक्कामात त्यांनी काय केले? लहान मुलांच्या बालवाडीची शिक्षणपद्धती शिकून घेतली. गावोगाव व्याख्याने दिली. दारूबंदीच्या चळवळीतील पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी मैत्री जोडली. १८८७ साली ‘द हायकास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवून घेतल्या. १८८८ साली बॉडलीबाईही गेल्या. मैत्रिणी जात होत्या, पण काम थांबले नाही.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिची घडण समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या धनिकाकडून एकदाच मोठी देणगी घ्यावी, असा हा प्रकार नव्हता. ठिकठिकाणी लहान मंडळे काढायची, सभासदांनी दहा वर्षे दरसाल ठराविक वर्गणी द्यायची आणि त्यावर हिंदुस्थानात विधवांची शाळा चालवायची, अशी ती योजना होती. शाळेत धर्माची सक्ती नसावी, हेही ठरले. मला वाटते, पाहुणीने येथे यजमानाशी असलेले नातेच बदलून टाकले. एका घराचा आभार मोठा असतो. तो शेकडो घरांत वाटला गेला की त्याचे ओझे राहत नाही, त्याची संस्था होते. आणि घेतलेल्या पैशाचा हिशेब देणारी बाई कोणाची आश्रित राहत नाही.

यजमानांच्या देशाकडेही त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. परत आल्यावर १८८९ साली त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक निघाले. तेथील राज्यव्यवस्था, शाळा आणि स्त्रियांच्या संस्था यांचे त्यात मनापासून कौतुक आहे. पण निग्रो गुलामांचे झालेले हाल आणि मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. ज्या घरचे अन्न खाल्ले त्या घरातली अडगळही दिसली, आणि ती सांगितली.

सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, जपानमार्गे, १८८९ च्या आरंभी त्या स्वदेशी आल्या. त्याच वर्षी ११ मार्च रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८९० साली सदन पुण्यात आले होते. तेथे मुलींच्या धर्मांतरावरून वाद होऊन १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूला झाले. रमाबाईंचे तेव्हाचे वागणे योग्य की अयोग्य, यावर आजही दोन मते आहेत. पुढे केडगावला ‘मुक्ती’ सदन उभे राहिले आणि १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो मुली व स्त्रिया तेथे आल्या. सहा वर्षे दुसऱ्यांच्या दारी राहिलेल्या बाईच्या दारी आता पाहुण्यांची रीघ लागली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तोपर्यंत ते दार उघडे होते.

म्हण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती अनुभवातून आलेली आहे. पण अक्कल जाते ती मुक्काम लांबल्यामुळे नव्हे. आभार मानणे आणि मान तुकविणे या दोन गोष्टी एकच, असे आपण धरून चालतो म्हणून. रमाबाईंनी आपल्या वाटणीचे काम केले, आभार मानले, आणि न पटले तेथे ‘नाही’ म्हटले. शिकण्यासाठी नातेवाइकांच्या घरी राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी एवढे तीन शब्द जवळ ठेवले तरी पुष्कळ झाले.