शिसे ताटात येते कुठून?

बंदुकीने मारलेल्या प्राण्याचे मांस खाणाऱ्यांना परदेशातले आरोग्य खाते एक इशारा देते. शिशाची गोळी किंवा छर्रा अंगात घुसला की त्याचे बारीक कण फुटून जखमेपासून लांबवर पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. आंबट घालून शिजवले तर शिसे आणखी सुटते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आहे. सोलापूरच्या वस्तीत छर्ऱ्याचे मांस कोण खाणार, असे वाटेल. पण शिसे पोटात जायला बंदूक लागत नाही.

पहिली वाट भांड्याची. पितळेच्या पातेल्याला कल्हई लागते ती कथलाची. कथील महाग, शिसे स्वस्त, म्हणून त्यात शिसे मिसळले जाण्याचा धोका असतो आणि नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाही. अशा पातेल्यात चिंचेचे सार, ताक किंवा टोमॅटोचा रस्सा ठेवला की शिसे अन्नात उतरते. आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यातच करावेत आणि त्यातच ठेवावेत.

दुसरी वाट हळदीची. रंग उठावदार दिसावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट नावाची पिवळी पूड मिसळली जाते. बांगलादेशात ती हळकुंडांवरही चोळत असत. तिथे संशोधकांनी हे उघड केले, सरकारने बाजारात कारवाई केली आणि लोकांना जागे केले. २०१९ मध्ये तपासलेल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. म्हणजे हे थांबवता येते. आपण सुटी, भडक पिवळी हळद टाळावी. पाकिटावर परवाना क्रमांक पाहून घ्यावी.

तिसरी वाट आपल्या कामाची, आणि ती सर्वांत जवळची. रिक्षा, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडणे, शिसे वितळवणे, भंगार निवडणे या कामात शिशाची धूळ हाताला, कपड्यांना, केसांना बसते. तेच कपडे घरात आले की लेकरांच्या तोंडापर्यंत ती पोचते. अंगणात बॅटरी फोडली तर माती विषारी होते आणि मुले त्याच मातीत खेळतात.

लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याचे आहे, त्यात भारतातली कोट्यवधी आहेत. पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, चिडचिड ही लक्षणे दिसतात. अनेकदा काहीच दिसत नाही, फक्त मूल अभ्यासात मागे पडते. झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही. शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले. ज्या डोक्याने शिकायचे तेच हे विष पोखरते, म्हणून ही बाब आपल्यासाठी साधी नाही.

काय करायचे? कामावरून आल्यावर आधी आंघोळ, मग लेकराला जवळ घेणे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. बॅटरी घरी फोडू नये, दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवावेत. लोह आणि कॅल्शियम कमी असले की शिसे जास्त शोषले जाते, म्हणून नाचणी, शेवग्याचा पाला, कडधान्ये, दूध ताटात असावे. अंगणवाडीतल्या लोहाच्या औषधाला नाही म्हणू नये.

घरात कोणी बॅटरी किंवा भंगाराचे काम करत असेल तर मुलाला सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग विभागात दाखवावे, काम काय आहे ते डॉक्टरांना सांगावे आणि रक्तातले शिसे तपासण्याबद्दल विचारावे. विहारात रविवारी भेटू तेव्हा हा विषय आपण काढू. बॅटरी फोडण्याची जागा वस्तीपासून दूर हलवावी, ही मागणी एकट्याने करून भागणार नाही. ती सगळ्यांनी मिळून करू.