चार हजार मीटरवरून नापोच्या काठापर्यंत

इक्वेडोर आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान आहे. तरीही तिथे पक्ष्यांच्या सोळाशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. अख्ख्या भारताची यादी साडेतेराशेच्या आसपास थांबते. तिकडे पक्षी पाहायला जाणाऱ्यांना हा आकडा निघण्याआधीच पाठ झालेला असतो. मला त्यामागचं कारण अधिक मोलाचं वाटतं. ते पुस्तकात वाचून कळतं खरं, पण पटतं ते अँडीजच्या उतारावरून टप्प्याटप्प्याने खाली येताना.

राजधानी क्विटो २,८५० मीटर उंचीवर, विषुववृत्ताला जवळजवळ खेटून वसली आहे. विषुववृत्तावर उन्हाळा-हिवाळ्याचा फरक नावापुरता. हवा गार की उबदार हे ठरतं उंचीवरून. दोन हजार मीटरवरच्या जंगलात जानेवारीत जी हवा, तीच साधारण जुलैत. तिथल्या पक्ष्याला ऋतू बदलला म्हणून वर-खाली जावं लागत नाही, त्यामुळे वेगळी हवा सोसायची सवयही त्याला नसते. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये नेमकं हेच मांडलं: उष्ण कटिबंधातली खिंड तिथल्या प्राण्यांसाठी थंड प्रदेशातल्या तितक्याच उंच खिंडीहून दुर्लंघ्य असते. हिमालयातले कितीतरी पक्षी थंडीत तराईत उतरतात. अँडीजमधले अनेक पक्षी मात्र काहीशे मीटरच्या पट्ट्यात जन्मतात आणि त्याच पट्ट्यात आयुष्य काढतात. पट्ट्यावर पट्टा असे ते डोंगराच्या अंगावर राहतात, आणि यादी लांबत जाते.

या पट्ट्यांचं पहिलं मोठं चित्र काढलं निसर्गअभ्यासक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने. १८०२ मध्ये तो अँटिसाना ज्वालामुखीवर गेला, मग ६,२६३ मीटर उंचीच्या चिंबोराझोवर शिखराच्या बराच जवळ पोहोचला. नंतर त्याने डोंगराचा उभा छेद रेखाटून कोणती वनस्पती किती उंचीवर वाढते ते त्यावर लिहून काढलं. आजची पक्षी दाखवणारी सहल त्याच छेदावरून फिरते, फक्त वनस्पतींच्या जागी पक्ष्यांची नावं येतात.

सुरुवात बहुधा अँटिसानाच्या पारामोपासून होते. पारामो म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरचा, बर्फाच्या खालचा गवताळ, ओला, वाऱ्याचा मुलूख. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. इथे गाडीतून उतरायचं तेच चार हजार मीटरच्या आसपास. चार पावलं भराभर टाकली तरी धाप लागते. पूर्वी ही मोठी जहागीर होती, मेंढ्या-गुरांनी गवत खरवडून काढलं होतं. पुढे क्विटोच्या पाणीपुरवठा संस्थेने इथली जमीन ताब्यात घेतली आणि गुरं हटवली, कारण शहराच्या पाण्याचा मोठा वाटा या मातीत मुरतो. गवत पुन्हा वाढलं, त्याबरोबर पक्ष्यांनाही आसरा मिळाला. गवतात कुदळीसारखी लांब चोच खुपसत अँडियन शराटी फिरतात. जवळच्या कड्यावर कंडोरांची रातनिवाऱ्याची जागा आहे. पंख पसरले तर तीन मीटर भरणारा हा पक्षी इक्वेडोरचं राष्ट्रचिन्ह. तरी २०१८ च्या गणनेत देशभरात तो जेमतेम दीडशे असावा असा अंदाज निघाला. जोडी एका वेळी एकच अंडं घालते आणि पिल्लू मोठं व्हायला इतका काळ लागतो की दरवर्षी वीण होतच नाही. विषारी आमिष खाऊन एक कंडोर मेला तर ती जागा भरून यायला वर्षं जातात.

याच माळावर नारिंगी फुलांच्या चुकिरागा झुडपांत इक्वेडोरियन हिलस्टार हा हमिंगबर्ड राहतो. रात्री पारा गोठणबिंदूकडे उतरतो, आणि एवढ्याशा देहाला रात्रभर ऊब धरून ठेवणं परवडत नाही. म्हणून तो शरीराचं तापमान झपाट्याने खाली आणतो, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि पहाटेच्या उन्हाबरोबर तो पुन्हा जागा होतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. आपले शिंजीर फांदीला धरून मध पितात, हे हवेत जागच्या जागी तरंगून पितात आणि मागेही उडतात. एकट्या इक्वेडोरमध्ये त्यांच्या सुमारे १३० जाती. २०१७ मध्ये देशाच्या नैर्ऋत्येला सेरो दे आर्कोस या उजाड डोंगरावर हिलस्टारचीच एक नवी, निळ्या कंठाची जात सापडली. ती त्या एका डोंगररांगेपुरतीच आहे, आणि शास्त्राला माहीत झाली त्याच क्षणी ती अतिधोक्याच्या यादीत गेली.

क्विटोच्या पश्चिमेला पिचिंचा ज्वालामुखीचा उतार लागतो. सुमारे साडेतीन हजार मीटरवर यानाकोचा हे राखीव जंगल आहे. काळ्या छातीचा आणि पायांवर पांढऱ्या पिसांचे गोंडे असलेला एक छोटा हमिंगबर्ड जवळजवळ एवढ्याच भागात तगला आहे. क्विटो शहराने २००५ मध्ये त्याला आपला मानाचा पक्षी ठरवलं. याच जंगलात तलवार-चोच्या हमिंगबर्डही भेटतो. त्याची चोच शेपूट सोडून उरलेल्या शरीराहून लांब. एवढ्या चोचीने स्वतःची पिसं साफ करता येत नाहीत, म्हणून तो पायाने खाजवून काम भागवतो. लांब नळीच्या कृष्णकमळासारख्या फुलांच्या तळाशी पोहोचणारा दुसरा पक्षी तिथे नाही. फूल आणि चोच एकमेकांच्या मापाने वाढत गेली.

आणखी खाली उतरलं की ढगांचं जंगल. पॅसिफिकवरून येणारी वाफ इथे अडते. ताम्हिणीत धो धो कोसळून पुण्याच्या पूर्वेला कोरडा होत जाणारा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. अँडीजमध्ये पावसाच्या फरकात उंचीची भर पडते, आणि मध्ये चार हजार मीटरची भिंत असल्याने दोन बाजूंचे शेजारी एकमेकांना कधी भेटत नाहीत. पश्चिमेला जांभळ्या शेपटीचा सिल्फ हा हमिंगबर्ड, पूर्वेला त्याचा लांब शेपटीचा भाऊबंद. अँडियन कॉक-ऑफ-द-रॉक हा पक्षी पश्चिम उतारावर रक्तासारखा लाल, पूर्वेला नारिंगी. नर पहाटे ठरलेल्या झाडांवर जमतात, ओरडतात, डोकी वाकवून एकमेकांसमोर नाचतात. मादी येते, निवडते आणि जाते. घरटं, पिल्लं सगळं तिच्या एकटीवर.

या उतारावरच्या मिंदो गावाभोवतीचा परिसर १९९७ मध्ये दक्षिण अमेरिकेतलं पहिलं महत्त्वाचं पक्षिक्षेत्र म्हणून जाहीर झाला. काही वर्षांतच कच्च्या तेलाची मोठी वाहिनी याच डोंगरधारेवरून नेण्याचं ठरलं. गावकरी आणि तरुण झाडांवर चढून बसले, काहींना अटक झाली, तरी २००३ मध्ये वाहिनी पूर्ण झाली. त्या लढ्यात गाव हरलं खरं, पण पक्ष्यांवर पोट चालू शकतं हे तिथल्या लोकांनी तेव्हापासून पक्कं धरून ठेवलं. नाताळच्या दिवसांतल्या पक्षिगणनेत मिंदो-तांदायापाच्या वर्तुळाने एका दिवसात चारशेहून अधिक जाती नोंदवल्या आहेत.

आंखेल पास या शेतकऱ्याची कथा सांगितल्याशिवाय मिंदोचा रस्ता पुरा होत नाही. आपल्या जमिनीवरचं जंगल तोडून तो शेती करत होता. रानात कॉक-ऑफ-द-रॉकच्या नाचाची जागा आहे हे समजल्यावर लोक ती पाहायला पैसे देतील असं त्याला वाटलं, म्हणून त्याने पायवाट खणायला घेतली. उकरलेल्या मातीतली गांडुळं खायला एक मोठा, तपकिरी, जवळजवळ बिनशेपटीचा पक्षी वाटेवर येऊ लागला. तो होता जायंट अँटपिटा. जमिनीवर दाट झाडीत राहणाऱ्या या पक्ष्यासाठी पक्षितज्ज्ञांनीही आठवडेच्या आठवडे रान तुडवून हात हलवत परत यावं, अशी त्याची ख्याती. पासने रोज त्याच वेळी, त्याच जागी गांडुळं ठेवायला सुरुवात केली, पक्ष्याचं नाव मारिया ठेवलं, आणि हाक मारली की मारिया झाडीतून बाहेर यायला लागली. पुढे इतर जातींचे अँटपिटाही त्याने असेच माणसाळवले. ही रीत कोलंबिया-पेरूपर्यंत पसरली.

रानटी पक्ष्याला असं खाऊ घालावं का, यावर पक्षी पाहणाऱ्यांत वाद आहे. माझं मत पासच्या बाजूने आहे. त्याची कुऱ्हाड थांबली. शेजाऱ्यांनी पाहिलं की उभं जंगल विकलेल्या लाकडापेक्षा जास्त काळ पैसे देतं. आपल्याकडेही उजनी धरणाकाठच्या भिगवणला मासेमारी करणारी मंडळी आज आपल्या होडीतून रोहित पक्षी दाखवतात. जाळं टाकणाऱ्यालाच कुठे पाणी उथळ आहे, थवा कुठे उतरेल हे ठाऊक असतं, आणि त्या माहितीला मोल मिळालं की पाण्याची राखणही होते. ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बाहेर काढण्याबद्दल मात्र माझी भूमिका कडक आहे. परका नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो पक्षी विणीचं काम सोडून धावत येतो. एका गटामागून दुसरा गट तेच करत राहिला, तर त्याची सकाळ फुकट जाते. चांगला वाटाड्या एकदा-दोनदा वाजवतो आणि थांबतो.

खरा वाटाड्या तसाही कानावर चालतो. ढगांच्या जंगलात दहा मीटरपलीकडे काही दिसत नाही. मग टॅनेजर, फ्लायकॅचर, स्पाइनटेल यांचा मिश्र थवा एकदम डोक्यावरून जातो, दोन-तीन मिनिटांत वीसेक जाती, आणि पुन्हा शांतता. कुठल्या चिवचिवाटात कोण आहे हे ज्याला ऐकून कळतं, त्याच्यामागे चालावं. या कानाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पक्षितज्ज्ञ थिओडोर पार्कर. त्याला सुमारे चार हजार पक्ष्यांचे आवाज ओळखता येत असत असं त्याचे सहकारी सांगत. अभ्यासकांना वर्षं लागतील ते काम तो काही दिवसांत करी: पहाटे रानात उभं राहायचं, ऐकायचं, आणि हे जंगल वाचवण्याजोगं आहे की नाही ते सांगायचं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम इक्वेडोरची उरलीसुरली जंगलं पाहताना विमान डोंगरावर आदळलं. त्यात तो आणि वनस्पतितज्ज्ञ आल्विन जेन्ट्री दोघेही गेले. आज ध्वनिमुद्रणांचा मोठा साठा कोणालाही मोबाइलवर ऐकता येतो, पण पार्करला अनेक आवाज स्वतः रानात जाऊन पहिल्यांदा टिपावे लागले होते.

देशाच्या दक्षिणेत नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ रॉबर्ट रिजली आणि त्याच्या सोबत्यांना असाच एक अनोळखी आवाज ऐकू आला, कुत्र्याच्या दबक्या भुंकण्यासारखा. शोधल्यावर निघाला तो पांढऱ्या गालाचा एक मोठा अँटपिटा, शास्त्राला पूर्ण नवा. पुढच्याच वर्षी त्याच्या अधिवासासाठी जमीन घ्यायला होकोतोको ही संस्था उभी राहिली. तिचं तापिचालाका राखीव क्षेत्र त्याच डोंगरावर आहे. त्याच संस्थेच्या बुएनाव्हेंतुरात एल ओरो पॅराकीट या छोट्या पोपटासाठी झाडांवर लाकडी पेट्या लावल्या आहेत, कारण ढोल्या असलेली जुनी झाडं तोडली गेली. आणखी नैर्ऋत्येला, पेरूच्या सीमेजवळ होरुपेचं कोरडं जंगल. हिरव्या सालीचे सेईबो वृक्ष तिथे वर्षातले बरेच महिने निष्पर्ण असतात, आणि पांढऱ्या शेपटीचे ‘जे’ नावाचे पक्षी टोळीने फिरतात. पाऊस आला की आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं हिरवं होतं. पानगळीची जंगलं पाहिलेल्या मराठी माणसाला ही जागा लगेच ओळखीची वाटेल.

पूर्वेकडचा उतार मात्र सगळ्यात लांब आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. चार हजार मीटरवरच्या पापायाक्ता खिंडीतून निघून कोसांगाच्या ढगांतून कोका गावापर्यंत आलात की अडीचशे-तीनशे मीटरवर, अॅमेझॉनच्या खोऱ्यात पोहोचता. पुढे रस्ता नाही, नापो नदीवरची मोटारबोट. नदीच्या दक्षिण काठावर यासुनी राष्ट्रीय उद्यानात आन्यांगू या किचवा समाजाची वस्ती आहे. तिथला लॉज त्या समाजाच्या मालकीचा, आणि मुख्य नदी सोडून ओढ्यात शिरलं की मोटार बंद; वल्ह्यानेच जायचं. किनाऱ्यावरच्या मातीच्या कड्याला सकाळी शेकडो पोपट चिकटतात आणि माती खातात. समुद्रापासून दूर पडलेल्या या जंगलात अन्नातून मीठ कमी मिळतं, ते या मातीत मिळतं. तळ्याकाठी होआट्झिन बसलेला असतो. तो पानं खातो आणि गाईसारखं आतल्या जंतूंकडून ती आंबवून पचवतो. त्याच्या पिल्लाच्या पंखांना नखं असतात; धोका दिसला की ते पाण्यात उडी टाकतं, पोहतं आणि नखांनी धरत पुन्हा फांदीवर चढतं.

याच जमिनीखाली तेल आहे. २० ऑगस्ट २०२३ रोजी इक्वेडोरच्या मतदारांनी यासुनीतल्या एका मोठ्या क्षेत्रातलं तेल जमिनीतच राहू द्यायचं ठरवलं. सुमारे ५९ टक्के मतं त्या बाजूने पडली. विहिरी बंद करण्याचं काम मात्र संथ चाललं आहे, आणि तिथे काम करणाऱ्या कुटुंबांच्या मजुरीचा प्रश्न खोटा नाही.

उतारावरची दुसरी चिंता तापत चाललेल्या हवेची आहे. शेजारच्या पेरूत सेरो दे पांतियाकोया डोंगरावर १९८५ मध्ये पक्ष्यांचं सर्वेक्षण झालं होतं. २०१७ मध्ये संशोधक त्याच वाटेने पुन्हा गेले तेव्हा बहुतेक पक्षी आपल्या जुन्या पट्ट्याच्या वर सरकलेले आढळले. शिखराजवळच्या पट्ट्यातले काही सापडलेच नाहीत. त्यांना वर जायला डोंगरच उरला नव्हता. ज्या गुणामुळे अँडीजची यादी इतकी लांब झाली, तोच गुण आता त्यांच्या मुळावर येतो आहे. पट्ट्यात राहणाऱ्याला पट्टा सरकला की मागोमाग सरकावं लागतं, आणि मध्ये तोडलेलं कुरण आलं तर कित्येक जंगली पक्षी ते ओलांडत नाहीत.

त्यामुळे एखादं शिखर किंवा एखादं तळं राखून भागत नाही, अखंड उतार राखावा लागतो. पापायाक्ताच्या रस्त्यावर हे काम चालू आहे. अँटिसाना १९९३ मध्ये, सुमाको ज्वालामुखीचा परिसर १९९४ मध्ये संरक्षित झाला. दोन्हींच्या मधल्या भागात बराच काळ गुरं चरत होती. तिथे नारुपा नावाचं होकोतोकोचं एक राखीव क्षेत्र आहे, हजार ते दोन हजार मीटरच्या मधल्या उंचीवर. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यात येणाऱ्या निळ्या सेरुलियन वॉर्बलरसाठी ते घेतलं गेलं. बहुतेक सहली तिथे एक सकाळ थांबतात, आणि त्या थांबण्याची फी कुरणांवर पुन्हा झाडं लावायला उपयोगी पडते.